आबांनी ऐकला, मी पाहिला

मंडळी, परसातलं अंजिराचं झाड भिंतीला टेकलंय, म्हणून आज सकाळी ते तोडायला माणूस बोलावला होता.

माझे सासरे आबा दौंडला रेल्वेत होते. दोन वर्षांपासून त्यांना दिसत नाही, आणि बोलणंही जवळजवळ बंदच झालंय. आज मात्र ते खाटेवरून ओरडले, "थांबा! रोज टुविट टुविट करतंय ते त्याच झाडात हाय. कोण हाय बघ गं."

एवढा मोठा आवाज, म्हणून मी साळुंकीएवढा पक्षी शोधत होते. दिसला तो अंगठ्याएवढा! पाठ हिरवट, डोकं तांबूस, शेपटी ताठ उभी. मी एकेक सांगत गेले. "आबा, पानाच्या कडा धाग्यानं शिवल्यात. आत पिल्लं आहेत."

"मंग शिंपी हाय त्यो!" आबा हसले. "ल्हानपणी मेंढरामागं फिरायचो तवा घरटं बघितलं व्हतं. आवाज त्याचाच, ह्ये न्हवतं ठावं."

झाड तोडणाऱ्याला चहा देऊन परत पाठवलं. मग जेवणापर्यंत आबा प्रत्येक आवाजाला "ह्यो कोण?" विचारत राहिले, आणि मला एकही नाव सांगता येईना.

तुमच्या परसात कोण गातं? तो पक्षी कसा दिसतो, तेही लिहा. आबांना वाचून दाखवायचंय.