पाळण्याचा हूक

बोईसरला माझा फ्लॅट आहे तो सुलभाआत्यामुळे; तिनेच मला पदवीपर्यंत शिकवलं. फ्लॅट भाड्याने दिलाय आणि भाडेकरूंना माझे निरोप तिथल्या सोसायटीचे मॅनेजरकाका पोचवतात. निरोप ते दारात कधीच सांगत नाहीत. आत बसतात, चहा बशीत ओतून निववतात आणि अर्धा संपल्यावरच बोलतात.

भाडेकरूंनी छताला हूक ठोकल्याचं शेजाऱ्याकडून कळलं, तेव्हा मी काकांना वगळून थेट भाडेकरूंच्या मोबाइलवर लिहिलं, "मालमत्तेचे नुकसान खपवून घेतले जाणार नाही." घरातली बाळंतीण घाबरून सामान बांधू लागली.

काकांचा फोन आला. "पाळण्याचा हूक हाय तो, साहेब. मी सांगितलं, मालक बोलले, हूक कच्चा हाय, पक्का बसवून देतो."

"मी असं कधी म्हटलं?"

"आता म्हणा. मिस्त्री आलाय. आणि पुढच्या वेळी राग माझ्याकडं द्या, थंड करून पोचवतो."

त्याच दिवशी मी आत्याला लिहिलं:

"ती. आत्यास, सा. न. भाडेकरूंना दिलेला शब्द मी खरा केला. तो मी दिला होता, हे मला जरा उशिरा कळलं. रविवारी बारशाला बोलावलंय. मालक फार प्रेमळ आहेत, असं तिथे सगळे म्हणतात. मी नाही म्हटलेलं नाही."