तांब्याच्या पत्र्यावरचा सरदार

ऋताला भेटायला ॲन आर्बरला जायचं अखेर २००५च्या नोव्हेंबरात ठरलं. मुलगी इंजिनिअरिंग सोडून छापचित्रं शिकत होती आणि ते नेमकं काय असतं हे मला डॅलसजवळच्या प्लेनो गावात बसून कळत नव्हतं. डॅलसहून डेट्रॉइट विमानाने अडीच तास, पुढे शटलने पाऊण तास. टोपी आणि हातमोजे हँडबॅगेतच ठेवावेत; थंडी दारातच गाठते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋता क्लासला गेली. ओट्यावर तांब्याचा एक पत्रा होता, काळाकुट्ट पडलेला. आमच्या घरी पूजेची भांडी मीच घासतो. स्नान झालं होतं, वेळ होता. कढत पाणी, लिंबू, मीठ, घासणी. पत्रा लख्ख निघाला.

ऋता आली आणि दारातच थांबली.

"बाबा, व्हेअर इज माय ड्रॉइंग?"

"कुठलं ड्रॉइंग?"

काळं होतं ते मेण. त्यावर सुईने चित्र काढायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. उघड्या पडलेल्या रेघेतच आम्ल तांबं खातं. त्या रेघांत शाई भरून कागद दाबायचा. तीन आठवडे ती एका जुन्या छापचित्रातला सरदार त्यावर उतरवत होती. शुक्रवारी प्रोफेसरांना छाप दाखवायचा होता. तो बुधवार होता.

"इट्स ओके," ती म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ती मला मूळ चित्र दाखवायला घेऊन गेली. विद्यापीठाच्या संग्रहालयात आधी वेळ घेतली की कपाटातलं चित्र टेबलावर आणून देतात. पैसे पडत नाहीत. पेन मात्र बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा सरदार. गळ्याशी लेसची कॉलर, डोळ्यांखाली थकवा. तिथल्या बाईंनी भिंग दिलं.

"कॉलरखाली बघा, बाबा. इथे आधी हात होता, मग चित्रकाराने तो पत्र्यावरून घासून काढला. सी द फिंगर?"

फिकटसं एक बोट दिसलं खरं.

"म्हणजे तोही घासायचा?"

"हो, पण स्वतःचं!" ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

गुरुवारी त्याच पत्र्यावर नवं मेण चढवून ती दिवसभर सुई घेऊन बसली. मी पिठलं-भात केला आणि विचारल्याशिवाय काही घासलं नाही. शुक्रवारी पहाटे निघालो.

पंधरा दिवसांनी छाप टपालाने आला. सरदाराच्या कॉलरवर बारीक गोल ओरखड्यांची करडी झाक होती. मी फोन केला.

"तुमच्या घासणीचे आहेत, त्यांतही शाई भरते," ऋता म्हणाली. "पॉलिश करून काढता आले असते, ठेवले. प्रोफेसरने विचारलं, हा टोन कसा आणलास?"

"मग?"

"लेमन अँड सॉल्ट म्हटलं. अँड माय डॅड."

रविवारी पूजेआधी ताम्हन खिडकीशी धरलं. आईने गावाकडे राखेने घासलेले तसेच गोल ओरखडे त्यावर होते. इतकी वर्षं मी ते घालवायला बघत होतो. त्या दिवशी नुसतं पाण्याने धुतलं.