जिथे हाक पोचत नाही

आमच्या अक्का गेल्या आणि घरातली भांडणं संपली.

फार बेचव झालंय घर.

आज वर्ष झालं. मी सांगतेय, नात अनघा टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, बोलणं येतं. "आजी, स्वल्प हळू," म्हणतेय ती, कानडी मिसळून.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा जयनगरला भावाच्या घरी आल्या. मग जन्मभर "अक्का, चहा", "अक्का, टॉवेल", "अक्का, पोर रडतंय".

त्या जायच्या थोडं आधीची गोष्ट. अनघाने ऑफिसच्या ट्रिपचे फोटो दाखवले. शिमोग्याच्या पुढचा तलाव. पलीकडच्या टोकाला झाडीत एक फट, तिथून पाणी जंगलात शिरतं. आत रस्ता नाही, फोन लागत नाही. कॅनू नावाची निमुळती होडी वल्हवत जायचं, बस.

अक्कांनी विचारलं, "तिथे कोणी हाक मारली तर ऐकू येते का गं?"

"नाही, आजी."

"मग मला ने."

माझी सून ओरडली, "अक्कांना जिना चढताना दम लागतो!"

"होडीला जिना नसतो," अक्का म्हणाल्या.

अक्का निघाल्या, म्हणून मीही निघाले. त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?

इरकलीवर लाईफ जॅकेट चढवलं तेव्हा अक्का गॅस सिलिंडरसारख्या दिसत होत्या. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू आरशात बघू नकोस."

तिथला गाइड नागराजण्णा. म्हणाला, "अज्जी, तलावातच फिरा. सरळ वल्हवता आलं, तर आत नेतो. नाहीतर नाही."

आता गंमत ऐका.

आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं जात्यावर रागी दळलेली. एकमेकींसमोर बसायचं, एकच खुंटा धरायचा, गप्पा मारत ओढायचा. त्यामुळे कॅनूतही बसलो तशाच. समोरासमोर. आणि दोघींनी जोर लावला.

होडी जागच्या जागी गरगर फिरली. पीठ तेवढं पडायचं राहिलं.

काठावरची मंडळी हसून लोळली. अनघा व्हिडिओ काढत होती, निर्लज्ज.

नागराजण्णाने काठाला ओढून आणलं. म्हणाला, दोघींची तोंडं एकीकडे हवीत, एकीने पुढे बसा.

अक्का फुगल्या. "म्हणजे मी हिची पाठ बघत बसू?"

"अक्का, जन्मभर माझ्या पाठीमागेच बोललात. आज निदान मला ऐकू तरी येईल."

हसल्या. बसल्या मागे.

आणि होडी सरळ गेली हो! नागराजण्णा शेजारच्या होडीत होता. फटीपाशी आलो तेव्हा त्याने नुसती मान हलवली. जा, मी मागून येतो, अशी.

आत हिरवा अंधार. पाणी काळं, गुळगुळीत. काठावरचा आवाज हळूहळू विरला.

मग मागचं वल्हं थांबलं.

"अक्का?"



मागे वळले तर होडी उलटेल, ही भीती. पण जिन्यावरचा त्यांचा तो दम आठवला आणि मी पुढे बघतच ओरडले.

"अक्का, बोला काहीतरी. शिवी द्या हवी तर."

"अगं, थांब जरा," मागून आवाज आला. अगदी खुशीतला. "कोणी हाक मारत नाहीये. ते ऐकतेय."

मी गप्प बसले. होय, मी. अनघा इथे हसतेय.

किती वेळ तशा तरंगत होतो, देव जाणे. मागे थांबलेल्या नागराजण्णानेही हाक मारली नाही. शहाणा माणूस.

परतीच्या गाडीत अक्का वाटभर झोपल्या. घरी आल्यावर सुनेला म्हणाल्या, "आज चहा तू कर." आणि पाय पसरून बसल्या.

पुढे थोड्याच दिवसांनी दुपारच्या झोपेत गेल्या. चेहरा समाधानी होता. मी बघितलाय.

आज वर्षश्राद्ध झालं. खीर मी केली. गोड जास्त झाली, अक्का, तुम्ही असता तर चार लोकांत बोलला असता.

अक्का, तुम्हाला मनापासून नमस्कार.

सावकाश जा. स्वयंपाकाचं आम्ही बघतो.