पाचवी प्रार्थना

बाबा सकाळी गेले आणि दुपारी मी चर्चच्या ऑफिसात भांडत उभी होते. फादर नवीन होते, मवाळ होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत चर्च कमिटीचे सेक्रेटरी बसले होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मॅनेजर, शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही असा माणूस. त्यांनी कुटुंबांचं रजिस्टर उघडलं, बाबांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे तर कित्येक वर्षं रविवारच्या उपासनेला, मिस्सेला आलेले नाहीत. फादर कब्रस्तानात प्रार्थना म्हणतील. चर्चमध्ये मिस्सा कशाला?"

माझं डोकंच सटकलं. बाबा का आले नाहीत, हे या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतराची दंगल पेटली तेव्हा गंगापूरकडच्या आमच्या गावात काकांचं घर जाळलं होतं. बाबा ख्रिस्ती, काका बौद्ध, पण भाऊ सख्खे आणि वस्ती एकच. बाबा कारखान्यात लागून शहरात आले म्हणून आमचं घर वाचलं. मिस्सेत विश्वासू जनांच्या प्रार्थना असतात. एकानं ओळ वाचायची आणि सगळ्यांनी 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचं. घर जळलं त्याच्या पुढच्याच रविवारी बाबांनी तिथं वाचायला एक ओळ लिहून आणली. याच सेक्रेटरींनी ती वाचली आणि कागद परत दिला. "देवाच्या घरात राजकारण नको." बाबा तसेच उठून घरी आले, ते पुन्हा चर्चला गेले नाहीत.

काकांना त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. आपलं घर जळालं आणि भाऊ शहरात चर्चात गुडघे टेकून बसला, हेच काकांनी डोक्यात धरलं आणि बोलणं तोडलं. मी बाबांना कितीदा म्हटलं, एकदा जाऊन सांगा. ते म्हणायचे, "प्रार्थना झालीच नाही. मग सांगू काय?" मला त्यांच्या या मुकेपणाचाही राग यायचा.

"मिस्सा होणार," मी ऑफिसात म्हणाले. "नाहीतर बाबांची शवपेटी घेऊन तुमच्या दारात बसते." फादरांनी खाकरून होकारार्थी मान हलवली. सेक्रेटरींनी मग उरलेल्या गोष्टींवर राग काढला. गीतं इंग्रजी, भाषण कुणाचं नाही. आणि प्रार्थनांचा छापील कागद माझ्यापुढं सरकवला, त्यावर चार ओळी. "वाचायचं तर एवढंच. एक शब्द इकडचा तिकडं नको."

मी "बरं" म्हणाले. इतक्या गरीब आवाजात म्हणाले की त्यांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी काका एसटीनं आले. चर्चच्या पायरीवर आईनं त्यांना हात जोडले, भावाला खांदा द्या म्हणाली. "माझं घर जळत व्हतं तवा हा कुठं व्हता?" काका म्हणाले. "म्या माती द्यायला आलोय वहिनी. खांदा नाय द्यायचा." आई तिथंच रडायला लागली. मला काकांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, खरं सांगते.

ते आत आले, पण शेवटच्या बाकावर, चपला बाहेर काढून.

मी चारही छापील प्रार्थना वाचल्या. प्रत्येक ओळीनंतर सेक्रेटरी माइकवरून उत्तर सुरू करायचे आणि सगळं चर्च त्यांच्यामागं म्हणायचं. चौथी झाली. मी जागची हलले नाही. बाबांच्या प्रार्थनापुस्तकातून त्यांचा तो पिवळा पडलेला कागद काढला आणि त्याच चालीत वाचला. "नामांतर मागितलं म्हणून ज्यांची घरं जाळली, त्या आपल्या भावांना स्वतःच्या गावात ताठ मानेनं राहता यावं, म्हणून आपण प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सेक्रेटरी माइकवर म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप चाललं. त्यांच्यामागून अख्ख्या चर्चनं म्हटलं. मग त्यांना कळलं, आणि कान लाल झाले. बापाची पेटी समोर असताना मला आनंद झाला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मिस्सा संपल्यावर त्यांनी मला खांबाआड गाठलं. "तुम्ही फसवलंत आम्हाला."

"मी फक्त वाचलं," मी म्हणाले. "ऐक म्हणालात तुम्ही. आता ऐकू नको म्हणून तुम्हीच सांगा त्याला."

ते काही बोलणार तेवढ्यात काका मधे आले. "कुणी लिव्हलंय ते?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. दोघं भाऊ एकाच पाटीवर शिकलेले, अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. वर त्या रविवारची तारीख होती. काकांनी ती बोटानं दोनदा चाचपली आणि माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी काय झालं ते मी तिथंच, सेक्रेटरींच्या देखत सांगितलं.

बाबांच्या कारखान्यातल्या चौघांनी पेटी उचलली होती. काकांनी पुढच्या एकाला कोपरानं बाजूला सारलं आणि खांदा घातला.

"बोलायचं व्हतंस की रं मुक्या," ते पेटीला म्हणाले. "एवढी वर्षं फुकट शिव्या घातल्या तुला."