मास्तरचा अंगठा

आमच्या गॅरेजात आज कुठली गाडी रंगतेय हे कळायला आत डोकवावं लागत नसे. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात चहा पीत बसलेल्या मास्तरच्या डाव्या अंगठ्याचं नख बघितलं की झालं. सोमवारी ते डाळिंबी, बुधवारी मोरपिशी, आठवड्याच्या शेवटी चंदेरी. बाकीची नऊ नखं ग्रीसनं काळी आणि हे एकटं नवरीसारखं नटलेलं. भल्या घरचा माणूस गाडी दुरुस्तीला घेऊन आला की आधी त्या नखाकडे बघायचा, मग मास्तरच्या तोंडाकडे, आणि मग गाडी दुसरीकडे न्यावी का याचा विचार करायचा. पण एकदा गाडी देऊन गेलेला माणूस परत मास्तरचंच नाव विचारत यायचा.

नखाचं कारण असं. मोडलेला दरवाजा नवा रंगवला की तो जुन्या गाडीशी जुळला पाहिजे. आमच्याकडे रंगाचं मशीन होतं, नंबर टाकला की कुठला रंग किती घालायचा ते सांगायचं. मास्तर त्या मशीनवर टोपी अडकवायचा. "मशीन नव्या गाडीचा रंग सांगतंय," तो म्हणायचा. "ही बया आठ वर्सं शारजाच्या उन्हात उभी हाय. तिला इचारलं का त्यानं?" मग डब्यात स्वतःच्या अंदाजानं रंग मिसळायचा, थेंबभर नखावर घ्यायचा आणि भर उन्हात जाऊन नख गाडीला टेकवायचा. आत, दिव्याखाली, कधीच नाही. "लेका शिवा, ट्यूबलाइट म्हंजे लग्नातली मावशी. समद्या पोरींना गोरीच म्हणती. खरं काय ते उन्हात कळतंय."

आणि शेवटचा थेंब टाकताना तो आमच्याकडे पाठ करायचा. चार वर्षं मी त्याच्या हाताखाली पेंटर होतो, पण त्या पाठीपलीकडे काय व्हायचं ते मला कधी दिसलं नाही.

मी त्याच्याच भागातला, गडहिंग्लजकडचा, दोन गावं सोडून. त्यामुळे मला वाटायचं, परक्या मुलखात हा आपला माणूस. होताच तो आपला. आपल्या माणसांना असते तशी त्याला खोटं बोलायची सुरेख हातोटी होती. गुरुवारचा उपास सांगायचा आणि बंगाल्याच्या हॉटेलात मटण हाणताना सापडायचा. सापडल्यावर शांतपणे म्हणायचा, "आज गुरुवार तिकडं. हितं घड्याळ दीड तास मागं हाय." गिऱ्हाइकांच्या धुतलेल्या गाड्यांना टेकून फोटो काढायचा आणि गावी पाठवायचा. गावात समज असा की मास्तर अरबाबाचा, म्हणजे गॅरेजच्या अरब मालकाचा, भागीदार आहे. त्याला कोणी टोकलं तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "रंगाशी खोटं बोलू नये. माणसांचं काय, माणसं सांभाळून घेत्यात."

त्यानं आम्हाला एक खोड लावली होती. गाडी मनासारखी रंगली की पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, रंग ओला असतानाच, अंगठा दाबायचा. बाहेरून कोणाला दिसत नाही. "आपल्याला सही कोण मागतंय?" तो म्हणायचा. "पण दुबईच्या रस्त्यावर शंभर गाड्या माझा अंगठा घेऊन फिरत्यात." मीही दाबू लागलो. आमचा डेंटर खान, जो पत्रा ठोकून सरळ करायचा, तो हसायचा. "तुम लोग पढ़ा-लिखा हो के अंगूठा लगाता है."

त्या वर्षी अरबाबानं अल कुसैसला दुसरं गॅरेज काढायचं ठरवलं. तिथला पेंट फोरमन मी होणार, असं त्यानं मला सगळ्यांसमोर सांगितलं. फोरमन म्हणजे नवा हुद्दा, आणि त्या हुद्द्यावर बायको-मुलीचा व्हिसा मिळणार होता. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. फोनवर मला विचारायची, "बाबा, तू फोनमध्येच राहतोस का?" मी मास्तरला हे सांगितलं तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्याची स्वतःची बायको एकोणीस वर्षं गावी होती, हे मला ठाऊक होतं. पण त्या आनंदात मला ते आठवलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी गॅरेजात शिरलो तर एक पांढरी जीप रंगवून उभी. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मास्तरनं एकट्यानं केलेलं काम. मला हाक मारली. "शिवा, हिकडं ये. पांढऱ्याच्या बारा तऱ्हा असत्यात, असा पांढरा मला जन्मात जुळला न्हाई. झाकण आत्ताच मारलंय, वलं हाय. तुझा अंगठा लाव."

"मास्तर, काम तुमचं आहे."

"तू आता फोरमन होनार. गुरूची भेट समज."

मी हात पँटला पुसले. अंगठा लावताना जरा सरकला, त्यामुळे ठसा थोडा फरपटलेला उमटला. नंतर ओळखायला तो फार सोयीचा पडला.

अमिरातीत एक नियम शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ठोकलेल्या गाडीला पोलिसांचा कागद असल्याशिवाय गॅरेजनं हात लावायचा नाही. त्या जीपला कागद नव्हता. मालक कुणाच्या तरी उभ्या गाडीला धडकून पळाला होता. आठवड्याभरात त्याला पोलिसांनी गाठलं आणि जीपसकट आमच्या दारात आणलं. काम इथंच झालं, पण कुणी केलं ते त्याला सांगता येईना. त्यानं म्हणे फक्त किल्ली खिडकीतून दिली होती. अरबाबानं आम्हाला रांगेत उभं केलं. "किसने किया?"

मग मास्तर पुढे झाला. मला वाटलं, कबूल करणार. क्षणभर त्याचा अभिमानसुद्धा वाटला.

"अरबाब, ढक्कन खोलो," मास्तर म्हणाला. "जिसका अंगूठा, उसकी गाडी."

झाकण उघडलं; मास्तरचा अंगठा रुंद, हा बारीक आणि फरपटलेला, आणि गॅरेजात अंगठा दाबणारे आम्ही दोघंच. मी सांगायला गेलो की काम माझं नाही, मी फक्त अंगठा लावला. हे वाक्य तुम्ही स्वतः चारचौघांत म्हणून बघा, म्हणजे कळेल ते किती चोराचं वाटतं. खान माझ्या कानात पुटपुटला, "तेरे को किसने बोला था लगाने को?" मी मास्तरकडे बघितलं. तो स्वतःचं नख बघत होता. ते स्वच्छ होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते थिनरनं धुतलं होतं.

"खलास," अरबाब म्हणाला. गॅरेजला पंधरा दिवस टाळं लागलं, दंड बसला. मला काढलं नाही, एवढी दया केली. मी परत शिकाऊ पोरासारखा पॉलिश पेपरनं पत्रे घासायला लागलो आणि अल कुसैसचा फोरमन मास्तर झाला.

वर्षाच्या आत मास्तरची बायको, आमच्या वहिनी, आल्या. विमानतळावरून खोलीत आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न केला, "ती लाल मोटार कुठं हाय, फोटोतली?" हे मला खुद्द मास्तरनं हसत हसत सांगितलं, जेवायला बोलवायला आला तेव्हा. मी का गेलो, विचारू नका. चार-पाच वर्षं परक्या हातचं खाणाऱ्या माणसाला पांढऱ्या रश्श्याचं आमंत्रण नाकारता येत नाही. वहिनींनी वाढलं, पुन्हा वाढलं आणि पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "भावजी, तुमच्यामुळं मी हितं आले. ह्यांनी सांगितलं समदं. तुम्ही जागा सोडलीसा म्हणून ह्यांना मिळाली. असं कोन करतंय आजकाल?"

मास्तर मन लावून हाड चोखत होता. माझ्या तोंडात घास होता. तो गिळला आणि म्हणालो, "रस्सा झकास झालाय, वहिनी."

माझी बायको-मुलगी आणखी तीन वर्षांनी आल्या, मी दुसऱ्या गॅरेजात हुद्दा मिळवल्यावर. मुलगी आठ वर्षांची झाली होती. विमानतळावर ती माझ्याकडे न येता आईच्या मागे लपली.

गेल्या साली मास्तर कायमचा गावी निघाला. वहिनी आधीच गेल्या होत्या. त्याचा फोन आला, "शिवा, तुझी गाडी दे. खोकी भरायची हायती." आदल्या दिवशी किल्ली घेऊन गेला आणि दुसऱ्या दुपारी मीच त्याला शारजा विमानतळावर सोडलं. आत, सामानाच्या रांगेत, मी शेवटी विचारलं. अकरा वर्षं जिभेवर होतं.

"मास्तर, तो अंगठा खरंच भेट होता की आधीच ठरवलं होतंत?"

त्यानं वर छताकडे बघितलं. ओळीनं पांढरे दिवे जळत होते.

"ट्यूबलाइटखाली इचारतोस व्हय?" तो म्हणाला, आणि ट्रॉली ढकलत आत गेला. वळून बघितलं नाही. पाठ करायची सवयच होती त्याला.

परतताना पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या माणसानं झाकण उघडलं आणि म्हणाला, "भाईसाब, ये नया कलर है क्या?" मी उतरून बघितलं. झाकणाची आतली बाजू ताजी रंगवलेली होती आणि मधोमध एक रुंद, ठसठशीत अंगठा. मास्तरचा. गाडी भर उन्हात उभी होती. माझी गाडी पांढरी आहे, नऊ वर्षं तापलेली. रंग तंतोतंत जुळला होता.

ही कबुली होती की माफी, की जाता जाता माझ्याही गाडीवर सही, मला ठरवता येईना. घरी आलो, पॉलिश पेपर घेतला आणि तो अंगठा घासून काढला, पत्रा दिसेपर्यंत.

मग पुन्हा रंगवायला बसलो. तीन वेळा रंग मिसळला, नखावर घेतला, उन्हात नेला. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती खाली आली, झाकणाकडे बघितलं, माझ्या नखाकडे बघितलं.

"बाबा, इट डझन्ट मॅच."

"माहीत आहे," मी म्हणालो. "एक थेंब कमी पडतोय."

"कशाचा?" हे मात्र तिनं मराठीत विचारलं. मी पुन्हा डबा उघडला.