आक्काच्या ओसरीवरचे पैलवान

मी पैलवान होतो, पण मधल्या फळीतला. तरी तालमीचा विषय निघाला की माझी छाती फुगते, ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिने तालमीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

शहापुरात आमच्या घरी हातमाग होता. लुगडी मी विणायचो, सुताच्या कांड्या आक्का भरायची. ती लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन परत आलेली. मुरगळलेला सांधा बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्या आईची आई हे काम करायची, तिच्याकडून ती शिकली. गल्लीतले लोक तिच्याकडे यायचे, आणि तालमीतले पैलवान तर हमखास.

आमचे वस्ताद पन्नाशीचे, कडक. माघ-फाल्गुनात लग्नाच्या लुगड्यांची घाई असायची. आम्ही विणकर पोरं दीड-दोन महिने तालमीकडे फिरकत नसू. मग चैत्रातल्या जत्रेच्या कुस्त्या तोंडावर आल्या, की बुडालेला सगळा व्यायाम वस्ताद तीन आठवड्यांत वसूल करायचे. दोनशे बैठकांवरून एकदम आठशे. जोर तसेच, आणि वर रोज दोघांतिघांशी लढत. पाय लटपटले की म्हणायचे, "घाम गाळल्याबिगर गडी तयार हुतोय व्हय?"

अशाच एका चैत्रात, जत्रेला आठ दिवस उरले असताना माझ्या गुडघ्यात कट् असा आवाज झाला. जत्रेचं मैदान हुकलंच, पण दीड महिना मागाच्या खड्ड्यात बसून पायाने पट्ट्या दाबता येईनात. आक्का रोज आंबेहळदीचा लेप लावायची. एकदा लेप लावता लावता तिने विचारलं, "दिवाळीनंतर तू किती बैठका मारत हुतास?"

"पाचशे. कधी सहाशे."

"तवा गुडघा दुखला न्हाय?"

"न्हाय."

तिने गुडघ्यावर फडकं बांधलं. मग म्हणाली, "म्हंजे बैठका वाईट न्हाईत. दरवर्षी जत्रंच्या आधीच माझी ओसरी भरतीया. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाची जांघ. मी परत्येकाला इचारते. सगळे एकच सांगत्यात, दीड-दोन म्हैनं बंद हुतं आन् आता एकदम चढवलंय."

मी म्हटलं, वस्तादांना हे कोण सांगणार?

पुढच्या वर्षी ती वेळ आपोआप आली. फाल्गुन सरत आला होता. तालीम सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच वस्ताद आपल्या सगळ्यात आवडत्या पठ्ठ्याला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आक्काने पदर सावरला, खांदा चाचपला, लेप लावला आणि खाली बघतच म्हणाली, "वस्ताद, रागावू नका. ह्यो पडून न्हाय दुखावला. तुमी दुखावलाय."

वस्तादांचा चेहरा लाल झाला.

"बाई, तुमाला तालमीतलं काय कळतंय?"

"तालमीतलं न्हाय कळत. तालमीतनं जे भाईर येतंय ते कळतंय. धा वर्सं हितं बसून बघतीया. बंद पडलेल्या अंगावर एकदम वजन टाकलं की ते तुटतंय. थोडं थोडं चढवा. आन् मधी एक दीस अंगाला इसावा द्या."

वस्ताद पठ्ठ्याला घेऊन तडक निघून गेले. आता तालमीत तोंड दाखवायला जागा नाही, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गेलो तर वस्ताद लाल मातीच्या हौद्याच्या काठावर बसलेले. सगळ्यांना जवळ बोलावून म्हणाले, "आजपासनं दोनशेच. चार दिसांनी पन्नास वाढवायच्या. सोमवारी लढत बंद, नुसती मालीश." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझं चुकत हुतं. ह्याच्या बहिणीनं दाखवून दिलं." एवढा मोठा माणूस तीस पोरांसमोर असं बोलला. तेव्हापासून त्यांच्याबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला.

पलीकडच्या गावातल्या तालमीतले आम्हाला हसायचे. "शहापूरचे पैलवान सोमवारी झोपा काढत्यात," म्हणायचे. जत्रेपर्यंत आमच्या बैठका पाचशेच्या वर गेल्याच नाहीत. पण त्या वर्षी आमच्या तालमीतले नऊ गडी मैदानात उतरायचे होते, आणि नऊच्या नऊ उतरले. खांदा दुखावलेला पठ्ठासुद्धा उतरला आणि त्याने कुस्ती मारली. माझी जोड निपाणीकडच्या एका थोराड पैलवानाशी लागली. वीस मिनिटं आम्ही झुंजलो, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. मी उठलो तेव्हा गुडघा शाबूत होता. मला तर कुस्ती जिंकल्यासारखंच वाटलं.

मैदानात वस्तादांना मानाचा नारळ आणि फेटा मिळाला. वाजतगाजत आम्ही शहापुरात शिरलो. आमच्या घरासमोर वस्तादांनी हलगी थांबवायला लावली. आक्का दाराआड उभी होती. अशा वेळी विधवेने पुढे यायचं नसतं. वस्तादांनी फेटा सारखा केला, ओसरीवर चढले आणि सगळ्या गल्लीदेखत तो नारळ तिच्या हातात दिला. म्हणाले, "आक्का, ह्यो तुमचा."

गल्लीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आक्काने पदराने डोळे टिपले, नारळ तिथेच पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा त्या खांदेवाल्या पठ्ठ्याच्या हातावर ठेवत म्हणाली, "आता चार दीस तालमीकडं फिरकू नकोस, सांगून ठेवते."

वस्ताद मोठ्याने हसले आणि म्हणाले, "ऐकलंस न्हवं रं?"