बोलायचं तर उभं राहायचं

चार माणसं सिनेमा बघायला जमली की सिनेमा विसरतो आणि माणसंच लक्षात राहतात. आमच्या दिग्रसच्या शनिवारच्या मंडळात तर मला दर आठवड्याला असा एखादा ऐवज फुकट मिळतो. मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, म्हणून सिनेमा निवडणं आणि प्रोजेक्टर सांभाळणं माझ्याकडे. जागा कापसाचे व्यापारी गोविंदशेठ यांच्या जिनिंग फॅक्टरीतली. नियम एकच: सिनेमाबद्दल ज्याला बोलायचं त्यानं उभं राहायचं. पाय दुखले की भाषण आपोआप आटोपतं, असं मला वाटायचं.

वकीलसाहेबांनी पहिल्याच शनिवारी माझा हा भ्रम घालवला. ‘स्त्रीचा आवाज’ या विषयावर ते पाऊण तास उभे होते, शेवटी शेवटी खांबाला टेकून. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, आमच्या सुमनवहिनींनी, दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "थांब, मी सांगतो."

वहिनींनी पर्समधून सुपारी काढून तोंडात टाकली. तेव्हापासून दर शनिवारी तेच चालू आहे. सुपारीचा खप वाढला, एवढाच काय तो फरक.

एकदा मी शेतकऱ्यांच्या लढ्यावरचा सिनेमा लावला. त्यातला खलनायक कापसाचा व्यापारी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सिनेमा संपला तेव्हा सगळे चोरून गोविंदशेठकडे बघत होते. म्हटलं, गेली आपली जागा. शेठ सावकाश उठले.

"मॅडम, थो कापसाच्या ढिगावर बसून सिगारेट ओढते. अवो, हा शेतकऱ्याले काय लुटते, हा तं पह्यले सोताच जळून मरते!"

शोषणाचा मुद्दा त्या दिवशी राहूनच गेला.

उत्तमराव राठोड एसटीचे रिटायर ड्रायव्हर. ते कोणताही सिनेमा स्टिअरिंगच्या मागूनच बघतात. एका सिनेमात नायक चालत्या बसच्या टपावर उभा राहून व्यवस्था उलथवायची भाषा करतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उत्तमराव उठून म्हणाले, "क्रांती याची, अन् सस्पेंड होईन थो ड्रायव्हर."

मी घरी जाईपर्यंत चिडलेली होते. रात्रीच्या भाकरी करताना मात्र वाटलं, राजकारणावर इतकं नेमकं आपण कधी वाचलेलं नाही.

याच उत्तमरावांनी मग हट्ट धरला, की सिनेमा त्यांच्या बंजारा तांड्यावर न्यायचा. तांडा तयार नव्हता. "सिनेमावाले आमच्या बायाइले आरशाचे घागरे घालून नाचवतात. बोलू कधी देतात?" असं त्यांची आईच म्हणायची. तिला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. वय ऐंशीच्या पुढं. रीत अशी की याडी उठली की बैठक उठली.

तांड्याचे प्रमुख म्हणजे नाईक, त्यांनी तेवढीच अट घातली. याडी शेवटपर्यंत बसली तर दर महिन्याला सिनेमा. मधेच उठली तर पुन्हा नाव काढायचं नाही. उत्तमरावांनी आठ दिवस याडीची शिकवणी घेतली, मंडळाची सगळी रीतभात समजावून सांगितली. इतका घाबरलेला माणूस मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिलेला नाही.

आम्ही सगळे गेलो. दिवेलागणीला पडदा बांधला. याडी पुढं खाटेवर. सिनेमा एका मुलीचा, गावच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या. अर्ध्यावर पंचायत तिला जाब विचारते, ती उभी राहते, आणि शहरातून आलेला नायक तिच्यापुढं होऊन जोरदार भाषण सुरू करतो.

याडी उठली.

तिच्यामागं अख्खा तांडा उठला. लोक चपला शोधायला लागले. उत्तमरावांच्या तोंडाकडे मला बघवेना. मी सिनेमा थांबवला.

"याडी, उठली काहून वं?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

"तूच तं म्हणला, बोलाचं असन तं उभं राहाचं." मग ती मागं वळली. "तुमी कायले उठले? बसा."

तांडा बसला. याडीनं पडद्याकडे काठी केली. "इचारलं पोरीले ना? मंग हा काहून बोलून राह्यला? तिले बोलू द्या." एवढं बोलून ती पुन्हा खाटेवर बसली.

वकीलसाहेब लगेच उठले. "म्हणजे आजींना असं म्हणायचंय, की स्त्रीचा..."

शेजारी सुमनवहिनी उभ्या राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी सांगते."